घोड्यावरची खुर्ची

अगं, आमच्या सासऱ्यांचा एक नियम हुता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी माण तालुक्यातनं निघायचं, आणि सगळा संसार एका घोड्यावर बसवायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच खेपेला मी कोरेगावच्या माहेराहून आणलेली प्लास्टिकची खुर्ची पुढं केली.

सासरे म्हणाले, "पोरी, पीठ, पातेली, घोंगडी ही गरज. खुर्ची म्हंजी हौस. हौस घोड्यावर चढत न्हाई."

मीबी हट्टाची. म्हटलं, "मग माझी हौस माझ्या डोक्यावर!"

मुक्कामापर्यंत खुर्ची उलटी डोक्यावर घेऊन चालले. रस्त्यानं लोक हसत हुते. मान पार अवघडली, पण खुर्ची सोडली न्हाई.

सासऱ्यांचे गुडघे लय दुखायचे. खाली बसले की उठवायला दोघं लागायची. संध्याकाळी खुर्ची मांडून म्हटलं, "आवं मामा, टेका जरा."

बसले. चहा प्याले. कुणाचा हात न धरता उठले आणि मेंढरांकडं गेले.

सकाळी बघते तर घोड्यावर सगळ्यात आधी खुर्ची बांधायला घेतलेली.

"मामा, ही तर हौस न्हवं?"

दोर आवळत म्हणाले, "काल हुती. तवा मी तिच्यावर बसलो न्हवतो."