घाटातला जळका वास

...आणि वर सगळे मलाच विचारतात, नेत्रा, एवढा तमाशा कशाला केलास गाडीत? तमाशा कसला? डब्यात जळका वास येत होता, बहात्तर माणसं बसलेली, आणि काळजी फक्त मला. यात माझा काय दोष? मी घाबरले नव्हते हं. मी जागरूक होते. फरक आहे.

तुम्हाला सांगते, सुरुवातच चुकली. ठाण्याला मावसबहिणीचं लग्न, बाबा म्हणाले एसीचं तिकीट काढतो. बाबा बँकेत, लखनौच्या इंदिरा नगरला आमचं घर, परवडत नाही अशातला भाग नाही. पण मी म्हटलं, नाही, देश बघायचा तर स्लीपरमधून. त्या काळ्या काचेतून काय डोंबल दिसणार? बाबा म्हणाले, 'बघ बाई, देशही तुला बघेल.'

बघितलंच की. लखनौहून गाडी हलली, हलली तोच थांबली. का? तर समोरच्या रमाकांतजींनी साखळी ओढली. का? तर त्यांचा मेहुणा प्लॅटफॉर्मवर पूरी-सब्जी घेत होता. आता माझ्यासारखीनं गप्प बसायचं? उभी राहिले. म्हटलं, 'भाईसाहब, गाड़ी में बारह सौ लोग हैं. आपने हर एक के दो मिनट लिए. चालीस घंटे हो गए.' मग कायदा, मग शिस्त, मग देश... दहा मिनिटं बोलले. रमाकांतजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'बहनजी, पूरी लेंगी?'

घेतली. भूक लागली होती, त्याचा तत्त्वाशी काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इगतपुरी आलं आणि गाडी थांबली ती थांबलीच. खाली माणसं चाकांपाशी वाकून बघतायत, ठोकतायत. मी खिडकीतून विचारलं, 'काय झालं हो?' तर एकजण म्हणतो, 'काही नाही मॅडम, पुढे घाट आहे ना.' हे काय उत्तर झालं?

निघाली. निघाली म्हणजे उतरायला लागली. एका बाजूला डोंगर, आणि दुसऱ्या बाजूला... दुसरी बाजूच नाही. नुसती दरी. मग बोगदा, काळोख, चाकांची करकर, मग उजेड आणि परत तीच दरी, आता आणखी जवळ आलेली. मी घाबरले नव्हते, जागरूक होते. तेवढ्यात बघते तर आमच्या रुळांतून एक फाटा फुटून थेट डोंगरावर चढत गेलेला. रमाकांतजींनी विचारलं, 'ये लाइन कहाँ जाती है?'

खालच्या बर्थवर मालिनीआजी पडल्या होत्या. मुलगा एअरफोर्समध्ये, लखनौलाच सरोजिनी नगरला त्याच्याकडे राहतात, आणि यजमान जन्मभर याच घाटात गार्ड होते. डोळे न उघडता म्हणाल्या, 'कुठेच जात नाही. ब्रेक गेले तर गाडी तिकडे वळवतात. चढावर जाऊन थांबते.'

मी म्हटलं, 'आणि नाही थांबली तर?'

'मग घरी कळवतात.'

'क्या कह रही हैं?' रमाकांतजी.

'कुछ नहीं,' मी.

आणि तेव्हाच तो वास आला. रबर म्हणा, लोखंड म्हणा, पण जळकं काहीतरी. चार्जर उपटला, पिशव्या हुंगल्या. बाबांना फोन लावला, तर बोगदा, रेंज गायब. मग वर बघितलं. साखळी. लाल. माझा हात आपोआप वर गेला, आणि रमाकांतजींची नजर त्या हाताबरोबर वर गेली. 'बहनजी, बारह सौ लोग हैं.'

हात खाली. वास वाढला. हात वर. 'दो-दो मिनट, बहनजी.' हात खाली. आता तुम्हीच सांगा, तत्त्वासाठी माणसं जीव देतात हे मी वाचलं होतं, पण सोबत आणखी एकाहत्तर जणांना घेऊन?

शेवटी आजींना हलवलं. 'आजी, जळतंय काहीतरी.'

'ब्रेक तापलेत गं. उतारावर घासतात ना, म्हणून वास येतो. वास येतोय म्हणजे ब्रेक लागतायत. झोप.'

काय बरं वाटलं म्हणून सांगू. तोच कुशीवर वळता वळता शालीतून आवाज आला, 'वास थांबला तर मात्र उठव मला.'

झालं. मघापर्यंत वास येतोय म्हणून घाबरले... म्हणजे जागरूक होते, आता तो जाईल म्हणून. नाक खिडकीच्या गजांना लावलं, डोळे घट्ट मिटले आणि हुंगायला लागले. मेहुण्यानं संत्रं सोलायला घेतलं तर मी ओरडले, 'भैया, अभी नहीं, महक दब जाएगी.' मग कारण सांगावं लागलं. मग अख्खा डबा हुंगायला लागला. 'आ रही है?' 'आ रही है.' 'तो ठीक है.' माणसं जळक्या वासावर समाधानानं माना डोलावतायत, हे मी या डोळ्यांनी पाहिलं असतं, उघडे असते तर.

आणि थांबला.

मी हुंगतेय, नाही. परत हुंगतेय, नाही. मागून कुणीतरी म्हणालं, 'गई महक.' पुढचं विचारू नका. रमाकांतजी म्हणतात मी दोन्ही हातांनी साखळीला लोंबकळत होते. डोळे उघडले तर खिडकीबाहेर चहावाला. घाट संपला होता, गाडी कसाऱ्याच्या स्टेशनात उभी होती. उभी गाडी मी थांबवली होती. आजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, 'मला उठव म्हटलं होतं गं, अख्ख्या स्टेशनाला नाही.'

बरं, घाबरले होते. झालं समाधान?

लग्न छान झालं, पण लखनौला परत यायचं म्हणजे तोच घाट, आता चढायचा. आजींनी गाडीतून उतरताना धीर दिला होता, घाट चढताना मुळीच भिऊ नकोस, मागून इंजिनं ढकलतात, ब्रेक लागतच नाहीत. लागतच नाहीत म्हणजे वासही नाही. कसारा ते इगतपुरी, खिडकी उघडी, डोंगरावरचा वारा थेट नाकात... तुम्हाला सांगते, इतक्या स्वच्छ हवेत माझ्याइतकं कुणी घाबरलं नसेल.