पोत्याखालचा 'हो'

नाही, चौऱ्याण्णव टक्के हजेरी असेल हो, मी कुठं नाही म्हणतोय! दोनशे अकरा प्रश्न विचारले असतील, तेही कबूल. मधल्या सुट्टीत डबासुद्धा बाकावर बसूनच खाल्ला असेल, माझं काही म्हणणं नाही... पण मला फक्त एवढंच सांगा, आमच्या पोत्याच्या वेळेला साहेब 'हो' म्हणाले की 'ना' म्हणाले?

तुम्हाला सांगतो, हे एवढंसं विचारायला मला चार महिने लागले. आणि मी काही घाईचा माणूस नाही. मी मच्छिंद्र. मार्केट यार्डात भुसार विभागात एकेचाळीस वर्षं हमाली केली, त्यातली शेवटची सोळा वर्षं बावीस जणांच्या टोळीचा मुकादम. शाळा पाहिली नाही. म्हणजे पाहिली, तांदळाची पोती उतरवायला गेलो होतो तेव्हा, चांगली मोठी होती. तर लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकता येतं. आणि आमच्या धंद्यात ऐकण्यावरच सगळं आहे, कसं ते सांगतो.

पोतं पाठीवर घेताना दोघं जण वर उचलून धरतात आणि तिसरा खाली वाकून पाठ लावतो. त्या खालच्याला काय दिसतं? आपल्या पायाचे अंगठे! वरच्यांना काय दिसतं? पोतं! तोंड कुणालाच कुणाचं दिसत नाही. मग खालचा पाय रोवतो, श्वास घेतो आणि म्हणतो, 'हो!' तो 'हो' आला की वरचे हात सोडतात. आला नाही, तर दहा मिनिटं धरून उभं राहावं लागलं तरी सोडत नाहीत. पाय रोवला नसताना कुणी उगाच 'हो' म्हणाला तर... आमच्या गाळ्यापुढं एकदा झालंय तसं, मणक्याचा आवाज ऐकलाय मी, ते जाऊ द्या. सांगायचं काय, तर आमच्यात सही नाही, शिक्का नाही, 'हो' म्हणजे हो. बावीस माणसांचे बावीस 'हो' मी पाठमोरा उभा राहून ओळखतो. कुणाचा कोरडा, कुणाचा नाकातला, संतोषचा तर असा येतो की जणू त्याला कुणी जेवायला हाक मारलीय.

तर लोकसभेच्या निवडणुकीच्या आधी यज्ञेश्वरसाहेब आले प्रचाराला. पांढरे कपडे, मागं चाळीस माणसं, पुढं चार फोटोवाले. फोटोवाला म्हणतो, "सर, एक पोतं उचला ना, मस्त येईल!" मी म्हटलं, साहेब, राहू द्या. आता बराच माल पन्नास किलोच्या पोत्यातून येतो, पण हे बाहेरगावचं आहे, नव्वदचं आहे. साहेब म्हणाले, "मच्छिंद्रराव, तुम्ही रोज उचलता, मी एकदा उचलू शकत नाही?" आणि वाकले की हो! संतोष आणि मी वर धरून उभे. मी विचारलं, साहेब, सोडू? आणि खालून आवाज आला... "होऽऽ" असा सुरू झाला आणि शेवटाला कोवळ्या कोंबड्यासारखा फाटला. आम्ही सोडलं. नियम तो नियम! साहेब दोन्ही गुडघ्यांवर. चाळीस माणसं धावली, पोतं बाजूला केलं. एवढा घाम, एवढी धूळ, पण माणूस उठला आणि माझा हात धरून म्हणाला, "हे नव्वद किलो माणसाच्या पाठीवर? मच्छिंद्रराव, पन्नासच्या वर एक किलो नको, हे मी दिल्लीत बोलणार. हा माझा शब्द."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? आमच्याकडं हार घालून जाणारे खूप आले. मंडईत जाऊन भेंडी हातात धरून फोटो काढणारे आले. पण पोत्याखाली वाकून 'हो' म्हणणारा हा पहिलाच! मी टोळीला सांगितलं, ज्यानं पोत्याखाली 'हो' म्हटलं तो आपला. नुसतं आमच्या टोळीला नाही, शेजारच्या सहा टोळ्यांना सांगितलं. घरोघर गेलो, या गुडघ्यांनी. कुणी म्हणालं, मुकादम, ह्यांचं काही खरं नसतं. मी म्हणालो, माझा शब्द. झालं. माझ्या शब्दावर त्यांनी बटण दाबलं. साहेब निवडून आले. पेढे वाटले... मीच.

पुढं दोन वर्षं मी वाट बघितली. घाई नाही ना आपल्याला. मग एक दिवस युनियनच्या फळ्यावर लागलं, की दिल्लीत कामगारांचा कायदा आला होता, त्यात कुणा विरोधी बाजूच्या बाईंनी दुरुस्ती सुचवली होती की माणसाच्या पाठीवर पन्नास किलोच्या वर ओझं नको. आणि ती पडली. पडली म्हणजे? लोकांनी पाडली! टोळी माझ्याकडं बघायला लागली. संतोष म्हणाला, "मुकादम, आपले साहेब काय म्हणाले?" मी म्हटलं, अरे, 'हो'च म्हणाले असणार! दुसरं काय म्हणतील? पण विचारून सांगतो.

आमची सून हेमा कोथरूडला क्लासात गणित शिकवते. मोठी हुशार, आणि गणितवाल्यांना असते तशी खोड, अर्धं सोडायचं नाही. तिनं मोबाईलवर साहेबांचं दिल्लीतलं सगळं प्रगतिपुस्तकच उघडलं. "बाबा, हजेरी चौऱ्याण्णव टक्के! प्रश्न दोनशे अकरा! चर्चा अडतीस!" माझी छाती एवढी फुगली! म्हटलं, वाच, दोनशे अकरा प्रश्न वाच, त्यात आमचा असणार. पाच संध्याकाळ वाचत होती बिचारी. विमानतळाबद्दल, मधमाश्यांबद्दल, काथ्याच्या दोऱ्यांबद्दल, कुठल्याशा बेटावरच्या दिव्याबद्दल... मी प्रत्येकाला म्हणायचो, हं, पुढचा. शंभर झाले, दीडशे झाले. एकशे अठ्ठ्याहत्तराव्याला ती थांबली. "बाबा, इथं ओझं आहे." मी उठून बसलो! वाच, वाच! तर काय, "भारवाहक जनावरांच्या पाठीवर किती वजन लादावं याचे नियम पाळले जातात का?"

जनावरांच्या!

आणि मंत्र्यांनी उत्तर दिलंय, तेही व्यवस्थित. उंटाला अडीचशे किलो, खेचराला दोनशे, तट्टाला सत्तर आणि गाढवाला पन्नास. गाढवाला पन्नास हो! म्हणजे मी जे एकेचाळीस वर्षं मागतोय, ते गाढवाला आधीच मंजूर आहे! आमची तुळजाबाई आतून म्हणाली, "मग सरळ अर्ज करा ना तिकडं, तुमचं बसेल त्यात." चाळीस वर्षं संसार केलाय, बोलणारच.

मी म्हटलं, असू दे. साहेबांना मुक्या जीवाचा कळवळा आहे, हेही चांगलंच. पण पोत्याच्या वेळेला 'हो' म्हणाले की 'ना', तेवढं बघ. हेमा बघते, बघते आणि म्हणते, "बाबा, ते नाहीच इथं." नाही म्हणजे? "आवाजी मतदान झालं. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हां' म्हणा, विरुद्धचे 'ना' म्हणा, सगळे एकदम ओरडतात, अध्यक्ष कानानं ठरवतात. कोण काय म्हणालं ते कुठं लिहीत नाहीत."

तुम्हाला सांगतो, मला तर आनंदच झाला! अरे, हे तर आमच्यासारखंच! तोंडी 'हो', कानानं ऐकायचं, सही नाही, शिक्का नाही. म्हटलं, मग तर काळजीच नाही, तिथं कुणी खोटं कसं बोलेल?

हसू नका. मला खरंच तसं वाटलं.

साहेब गावात सापडेपर्यंत चार महिने गेले, मग गेलो त्यांच्या ऑफिसात. तिथं अनिरुद्ध म्हणून त्यांचा मदतनीस, गोरा, चष्म्याचा, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. "काका, आपण आधी वेळ घेतली होती का? नाही ना? मग वेळ आपल्याकडे भरपूर असणार, बसा." बसलो. चार दिवस बसलो. चौथ्या दिवशी त्यानं एक रंगीत पुस्तिका हातात दिली. "सरांचा कार्य-अहवाल. हजेरी चौऱ्याण्णव टक्के." मी म्हटलं, दादा, ते पाठ झालंय मला, साहेब 'हो' म्हणाले की 'ना', तेवढं सांगा. तो म्हणतो, "काका, आवाजी मतदानाची नोंद नसते. जे नोंदलेलंच नाही, त्याबद्दल आपण तरी कसं बोलणार?"

तेवढ्यात साहेब स्वतःच बाहेर आले. ओळखलं बरं का मला! "अरे, मच्छिंद्रराव! ते पोतं मी जन्मात विसरणार नाही!" दोन्ही हातांत हात घेतला. माणूस वाईट नाही हो. मी विचारलं, साहेब, आमच्या वेळेला... "मच्छिंद्रराव, काय विचारता! अख्ख्या सभागृहात माझा 'हां' सगळ्यात मोठा होता. पण पलीकडे माणसंच जास्त, काय करणार?" माझे डोळे भरून आले. बसचं तिकीट काढायचं विसरलो येताना, कंडक्टरनं ऐकवलं, तेही गोड लागलं. टोळीला सांगितलं, बघा, म्हणालो नव्हतो? साहेबांचा 'हो' सगळ्यात मोठा होता!

इथंच थांबायला पाहिजे होतं. पण हेमा! अर्धं सोडत नाही ना. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, त्या दिवसाचं चित्रण मिळालंय, तुम्हीच ऐका तो मोठा 'हां'."

लावलं. चित्रात नुसते अध्यक्ष दिसतात, बाकी कुणी दिसत नाही. मला काय, मला दिसायची सवयच नाही, मी डोळे मिटले. अध्यक्ष म्हणाले, जे बाजूनं असतील त्यांनी 'हां' म्हणावं. आले 'हां', मोजके, त्यात एका बाईंचा खणखणीत. साहेबांचा नव्हता. म्हटलं, गर्दीत गेला असेल. मग, विरुद्ध असतील त्यांनी 'ना' म्हणावं. आणि आला तो लोंढा... आणि त्या लोंढ्याच्या टोकाला, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकच "नाऽऽ" लांबला आणि शेवटाला फाटला. कोवळ्या कोंबड्यासारखा.

मी म्हटलं, परत लाव. तिनं लावलं. परत लाव. अकरा वेळा ऐकलं. हेमा हळूच म्हणाली, "बाबा, एवढ्या आवाजात ओळखू येत नाही, हा काही पुरावा नाही." बरोबर आहे तिचं. कागदावर पुरावा नाही. पण या माणसाचा आवाज मी नव्वद किलोखाली ऐकलाय हो! तिथं कुणाला आवाज बदलता येतो?

मोठ्यानं म्हणाले होते, हे मात्र खरं सांगितलं होतं त्यांनी.

आता टोळीला काय सांगायचं? गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? पण शब्द माझा होता. सकाळी गेलो भुसार बाजारात, मोबाईल ठेवला थप्पीवर, म्हटलं, ऐका रे. मी कुणाचं नाव घेणार नाही. बावीस जण डोक्याची फडकी सोडून उभे. 'हां' झाले, कुणी हललं नाही. 'ना' आले, आणि शेवटचा तो फाटला... संतोष म्हणाला, "साहेब." झालं. एकही माणूस म्हणाला नाही की कशावरून.

शिव्या देतील वाटलं होतं. एकानंही दिली नाही. एकानं मला चहा आणून दिला, त्यानं जास्त लागलं. मग सगळे वाकले आणि कामाला लागले, गाडी आलेली होती, नव्वदचीच.

काय गंमत आहे बघा, हेमा सांगते, आपलं मतदान गुप्त असतं, कुणी कुणाला दिलं ते देवालाही कळत नाही. आणि साहेबांचंही कुठं लिहिलेलं नाही. एवढ्या मोठ्या देशात ज्याचं मत पक्कं ठाऊक आहे असा एकच माणूस निघाला, मी! मार्केट यार्डात कुणालाही विचारा, मच्छिंद्रनं कुणाला दिलं, चहावाला सांगेल.

आता परत निवडणुका आल्यात, या वेळी महापालिकेच्या. मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही, कुणासाठी शब्द टाकायचा नाही. तर काल सगळी टोळी घरी आली. चपला बाहेर काढून, ओळीनं बसली. संतोष म्हणाला, "मुकादम, तुम्ही कुणाला देणार ते सांगा." मला भरून आलं हो! म्हटलं, पोरांनो, एवढं होऊनसुद्धा माझा शब्द तुम्हाला लागतो?

तर संतोष काय म्हणतो... "लागतो ना, मुकादम. तुम्ही नाव सांगा, म्हणजे त्याला सोडून कुणालाही देता येईल."