भाव सांगा आणि गप्प बसा

...आणि वर मलाच म्हणते, "फुकट आहे, जाऊन बसायला तुमचं काय जातंय?" आता तुम्हीच सांगा, बावन्न वर्षांचा शिंपी मी, हयात गेली मशीनवर, आणि बायको मला संध्याकाळी सहाला शाळेत पाठवते, पाण्याची बाटली देऊन! नाही म्हणायची सोय नव्हती हो. दुकानाचं भाडं निघत नव्हतं, आणि तिच्या भावानं निरोप धाडलेला, "दाजी, दोन महिने बघा, नाही जमलं तर दुकानाला कुलूप लावा आणि माझ्या गोदामात पहाऱ्याला या. खुर्ची देतो, शिट्टी देतो." शिट्टी! ज्या हातांनी लोकांच्या लग्नाचे कोट शिवले त्या हातात शिट्टी... माझी झोप उडाली. तेवढ्यात शाळेच्या फाटकावर पाटी लागली, छोटा धंदा आणि पैशाचं नियोजन, आठ गुरुवार, सगळ्यांना मोफत. फुकट होतं म्हणून गेलो, नाहीतर मी कसला जातोय.

बाक पहिलीतल्या पोरांचे. बसलो तर गुडघे हनुवटीला लागले, उठलो तर बाक माझ्याबरोबर उठला. शेजारी घरी केक करून विकणारी बाई, पलीकडे नळवाला, मागे एक न्हावी, तो आपला सगळ्यांचे केस बघतोय. आणि शिकवायला कोण? एवढीशी बाई, फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला तिचा हात कधी लागलाच नाही. पण तीस वर्षं खिळ्यांचं दुकान चालवलेलं, एकटीनं. आम्ही नाव ठेवलं खिळेबाई. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कोणाची?

पहिल्याच दिवशी मला विचारते, "दिवसभरात फुकट किती कामं करता?"

मी म्हटलं, "छे हो बाई, फुकट कुठं... आता एखादं बटण, एखादी चेन, एवढ्याशा कामाचे काय घ्यायचे?"

"लिहा," म्हणाली. "महिनाभर. कोण आलं, काय केलं, किती मिनिटं गेली."

लिहिलं. कंटाळत लिहिलं, चरफडत लिहिलं. पाचव्या गुरुवारी तिनं वही उघडली, खडूनं बेरीज केली आणि आकडा मांडला. एकशे बेचाळीस कामं. बावन्न तास. बाई अगदी शांतपणे म्हणते, "महिन्यातला जवळजवळ एक आठवडा तुम्ही लोकांना दान करता, आणि उरलेल्या तीन आठवड्यांत भाडं निघत नाही म्हणून रडता." वर्गात कोणी हसलं नाही. नळवाल्यानं हळूच आपली वही झाकली. मी मात्र त्या फळ्याकडे बघतच राहिलो. तीस वर्षांत मला जे दिसलं नाही, ते या बाईनं खडूच्या एका तुकड्यानं दाखवलं. देवळात नाही झुकली एवढी मान त्या बाकावर झुकली माझी. आणि हे सगळं फुकट!

मग सहाव्या गुरुवारी सराव. प्रत्येकानं उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. बस्स, एवढंच. सोपं वाटतं ना? मला केकवाल्या बाईसमोर उभं केलं. मी म्हटलं, "पन्नास... म्हणजे चाळीस... तीसही चालतील... जाऊ द्या, तुम्ही काय ते द्या." ती बाई अजून तोंड उघडायची होती! खिळेबाई म्हणाली, "गिऱ्हाइकानं घासाघीस करायच्या आधी तुम्ही स्वतःशीच केलीत, आणि हरलात." अकरा वेळा करून घेतलं माझ्याकडून. बाराव्या वेळी गप्प बसलो, घाम फुटला पण बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात कोण यावं? वकीलसाहेब. हा माणूस नमस्कार ऐकायचेही पैसे घेतो, आणि मी त्याची बटणं दहा वर्षं फुकट लावतोय. कोट टाकला टेबलावर. "जरा अस्तर उसवलंय, दोन बटणं... करून टाका." मी मान वर केली. डोळ्यांत बघितलं. म्हटलं, "ऐंशी." आणि गप्प.

काय सांगू तुम्हाला ती शांतता! पंखा ऐकू येतोय, घड्याळ ऐकू येतंय, माझं काळीज ऐकू येतंय. जिभेवर "साठ" येऊन बसला होता, दात आवळून धरला त्याला. मनात म्हटलं, गेलं गिऱ्हाईक, आली शिट्टी. वकीलसाहेब माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतोय... आणि त्यांनी खिशातून पैसे काढले हो! वर विचारतात, "तुम्ही नवा कोटही शिवता का?"

म्हटलं, "साहेब, तीस वर्षं तेच करतोय."

"अरेच्चा! फुकट लावून देता, म्हणून मला वाटायचं, तुम्ही फक्त बटणंच लावता. कोट मी बाजारात शिवून घेतो."

दहा वर्षं! दहा वर्षं मी या माणसाला फुकट पटवून देत होतो की मला काही येत नाही. मी हसू की रडू? दोन कोटांचं माप घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांचे दोन मित्र आले. भाडं निघालं. मेहुण्याला निरोप धाडला, शिट्टी दुसऱ्याला दे.

शेवटच्या गुरुवारी मला काय बुद्धी झाली कोण जाणे, उभा राहिलो आणि बाईलाच म्हटलं, "तुमचा हिशेब मांडू का?" आठ गुरुवार, दोन-दोन तास, येण्याजाण्याचा तास वेगळा, वह्या तपासायचे वेगळे. खडू घेतला, बेरीज केली, फळ्याच्या वरच्या बाजूला लिहिली, तिचा हात पोचायचा नाही तिथं. "बाई, या वर्गात सगळ्यात तोट्यात तुम्ही आहात."

बाईनं बोटांवर बेरीज पडताळून पाहिली. मग म्हणाली, "बेरीज बरोबर आहे. मी दमलेय. पुढच्या तुकडीला दर गुरुवारी भाव सांगायचा धडा तुम्ही द्या."

मी काय कच्च्या गुरूचा चेला? मान वर केली, डोळ्यांत बघितलं, म्हटलं, "एका संध्याकाळचे दोनशे." आणि गप्प.

बाई पण गप्प.

मी गप्प. बाई गप्प. न्हावी श्वास रोखून बसलेला. अहो, माझं गप्प बसणं दोन आठवड्यांचं, तिचं तीस वर्षांचं! आणि त्या एवढ्याशा बाईकडे बघता बघता मला फळ्यावरचे बावन्न तास आठवले, माझं उघडं राहिलेलं दुकान आठवलं, आणि डोळेच भरून आले.

"शंभर..." मी म्हटलं. "पन्नासही चालतील... जाऊ द्या बाई, येतो."

तेव्हा आता दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मी त्या फळ्यासमोर उभा असतो, बायको बाटली भरून देते, आणि नव्या लोकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगतो की काही झालं तरी फुकट काम करायचं नाही. मला काय मिळतं म्हणता? अहो, फुकटच!