झाकलेली तोंडं

— मिरची. मिरचीच गं, दुसरं काय. आता विचारतेसच तर सांगते, लपवून तरी काय करू, तोंडच सांगतंय सगळं. साखर, मध आणि वर चिमूटभर मिरचीपूड, चोळली की ओठ भरतात म्हणे — फोनवर एक बाई दाखवत होती, माझ्याच वयाची असेल, पण ओठ बघशील तर झोपेतून उठलेल्या तान्ह्या बाळासारखे. ती म्हणाली चिमूटभर. मी म्हटलं, हिचे थोडेच गेलेत म्हणून हिला चिमूट पुरते, माझे सगळेच गेलेत, मला चमचाभर तरी हवी. झोंबायला लागलं की धुवून टाका, असंही म्हणाली होती ती, पण मला वाटलं झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. आम्ही अशाच वाढलो ना, कडू लागलं तरच ते औषध. इथे बसू? या खुर्चीत? बसते. हळू हं — नाही, रुमाल मीच काढते, तू नको ओढूस, चिकटलाय तो. हं. बघ. हसलीस तरी चालेल. नाही हसलीस. बरं.

आणि व्हायचं ते आजच. संध्याकाळी आमच्या ह्यांचा निरोपसमारंभ आहे — बस डेपोत फिटर होते ना, उभा जन्म गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून काढला — आणि तिथे रीतच आहे, निवृत्त होणाऱ्याच्या बायकोलाही स्टेजवर बोलावतात, दोघांचा फोटो काढतात आणि तो वर्कशॉपच्या भिंतीवर लावतात. कायमचा. म्हणजे मी मेल्यावरसुद्धा माझं तोंड तिथे डिझेलच्या धुरात लटकणार. आणि तोंड तरी कसलं — मागे ओळखपत्राच्या फोटोला गेले, तर तो फोटोवाला म्हणतो, काकू, ओठ आत घेऊ नका. मी म्हटलं, घेतले नाहीत. तर म्हणतो, मग सैल सोडा. अरे बाबा, म्हटलं, सैलच आहेत, आहेत ते एवढेच आहेत. मागे रांग होती गं. सगळ्यांनी ऐकलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणतात, बोलून बोलून झिजले असतील. मीही हसले. हसले, आणि मग न्हाणीघराची कडी लावून आरशात बघत बसले — वरचा ओठ तर नाहीच, नाकाखाली नुसती शिवण. बटव्याची नाडी ओढली की कशा चुण्या पडतात, तशा चहूबाजूंनी चुण्या. बटवा बंद, आत काही नाही. तू म्हणशील या वयात हे काय खूळ. म्हणत नाहीस, पण मीच म्हणते ना मला.

थंड आहे. बरं वाटतंय. हे काय, नुसतं पाणी? मी म्हटलं काही अर्कबिर्क असेल. आणि नंतर हे पांढरं मलम — याला वास नाही कसला. नसलेलाच बरा? असेल बाई. जीभ फिरवायची नाही — तेवढं कठीण आहे हं, मला बोलताना सवय आहे, आणि बोलणं तर तू बघतेसच. उन्हात जाताना लावायचं? ओठांनाही ऊन लागतं होय? इतकी वर्षं कपाळावर हात धरून चालले, ओठांचं कुणाच्या ध्यानात. आणि मग येतात का परत — म्हणजे भरलेले, आधीसारखे?

नाही येत.

असं सरळ सांगतेस? ती फोनवरची तर — नाही, नाही, बरं केलंस. मऊ राहतील, चिरणार नाहीत, एवढंच. एवढंही पुष्कळ. आणि समारंभाला जाताना सूज उतरली असेल तर कडेने पेन्सिलीची फिकट रेघ, मूळ कडेच्या किंचित बाहेर. किंचित. ते तूच कर, माझ्या हातात नको देऊस, मी काढायला बसले तर नाकापर्यंत जाईन.

मला शिवणवालीने पाठवलं. खालच्या मजल्यावरची, हो, तीच. सकाळी संध्याकाळचे कपडे आणायला गेले होते, रुमाल तोंडावर धरूनच. तिने तो खाली करायला लावला, बघितलं, आणि म्हणाली, वरच्या पोरीकडे जा. मी म्हटलं, ती तर त्वचेच्या दवाखान्यात कामाला आहे ना? तर म्हणाली, दवाखाना सुटला की घरी बघते ती, आपल्यासारख्यांचं, मी कधीची जातेय. मी बघतच राहिले. शिवणवाली. दिवसभर जिच्या ओठांत टाचण्या, तिला ओठांची पडलीय असं कुणाला वाटेल? पण तेच तर ना, टाचण्या धरून धरून तिचेही गेले, रक्त यायचं म्हणाली. आणि मी निघाले तर मागून म्हणते, मागच्या जिन्याने जा, तोंड झाकून जा, सगळ्या तशाच जातात. तेव्हा माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

का म्हणजे? पडली अशीच. हातात बळ नव्हतं, सकाळपासून पोटात काही नाही, ओठाला लागेल म्हणून पाणीसुद्धा नळी घालून प्यायले. ते जाऊ दे — हे खोके कसले गं? भांडीसुद्धा बांधलीस. आवरायला म्हणून सुट्टी घेतलीस वाटतं आज. हो, आलं होतं कानावर. मालकीणबाईंनी महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीय, असं. वाईटच झालं. या भाड्यात दुसरीकडे कुठे मिळायची, तीसुद्धा एकट्या मुलीला. बाईंचं पण काय आहे ना, मनाने चांगल्या, पण कानाच्या हलक्या. कुणीतरी येऊन सांगायचं, तिच्याकडे तोंडं झाकून माणसं येतात, दिवेलागणीला, मागच्या जिन्याने, आणि त्यात एक पुरुषही असतो — की लगेच यांनी एका कामाच्या पोरीला —

थांबलीस का? लाव ना. या बाजूला राहिलंय.

काय? पुरुषाचं बाईंनी काढलंच नव्हतं तुझ्याजवळ? बायका येतात एवढंच म्हणाल्या? मग मला कुणी — शिवणवालीने सांगितलं असेल. नाही, तिने तर आज — थांब. थांब जरा. मला आठवू दे मी काय म्हणणार होते.

अशी बघू नकोस गं.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या जिन्यावर उघडते. आता खिडकी काही मी नाही बसवली तिथे. भाजी चिरायला बसलं की समोर जिनाच. एक बाई जाते, ओढणीने नाकापर्यंत तोंड झाकलेलं. मग दुसरी. मग एक दिवस तो उंच माणूस, एवढ्या उकाड्यात गळपट्टा गुंडाळून. तूच सांग, माणसाला काय वाटेल? मी काही वाईट मनाने — नाही, नको. हे वाक्य नको. सकाळपासून घोळवतेय ते, जिना चढतानाही घोळवत होते, तुझ्यासमोर म्हणायचं म्हणून. वाईट मन नव्हतं, मग काय होतं? खरं सांगू? गोडी होती. लेक परगावी, हे वर्कशॉपमध्ये, दुपार उतरता उतरत नाही. मालकीणबाईंकडे गेलं आणि सांगण्यासारखं काही असलं की त्या बस म्हणतात, चहा टाकतात. नसलं की दारातूनच बोलतात, एक हात कडीवर ठेवून. त्या दिवशी चहा दोनदा झाला. त्या माणसाबद्दल मी बाईंना काय म्हटलं ते मात्र विचारू नकोस, ते तोंडातून परत नाही काढायचं मला. तुझी आई तिथे असती तर मी ते म्हटलं नसतं, एवढ्यावरून समज.

आणि आज कळतं, तो बँडवाला. ट्रम्पेट वाजवतो. त्याचे ओठ पातळ झालेत, फुंकताना फाटतात, सूर धरवत नाही, आणि बँडच्या मालकाला कळलं तर घरी बसवतील, म्हणून बिचारा गळपट्ट्यात येतो. पडलेली पिशवी उचलून देताना शिवणवालीनेच सांगितलं हे, आणि पुढचंही सांगितलं — की बाईंनी तुला विचारलं होतं, कोण येतं ते सांग, सांगितलंस तर खोली ठेवते. आणि तू म्हणालीस, तेवढं विचारू नका. का गं? एवढं काय त्यात, ओठच तर आहेत, चोरीबिरी —

हो. मीही झाकूनच आले. पायऱ्या चढताना माझ्याच खिडकीकडे बघत आले, आत कुणी उभं नाही ना. गुडघा असता तर जिन्यात बसून सगळ्यांना दाखवला असता, किती सुजलाय बघा म्हणून. पोटाचं तर काय, मी दूधवाल्यालाही सांगते. पण ओठ म्हणजे — या वयात हिला अजून काय हवंय, असंच म्हणणार ना लोक. आणि लोक म्हणजे कोण? मीच की. दुसरं कोण एवढं मोकळं बसलंय. शिवणवालीला म्हटलं, तू सांग ना बाईंना, तूच जातेस म्हणून. तर टाचण्या काढून म्हणाली, तू सांग की, तुझी तर तिथे उठबस आहे. तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच असेल. आमच्या ह्यांना नाही. ह्यांना कळलं तर हे काही बोलणार नाहीत, आणि ते न बोलणंच — जाऊ दे.

तू पण काहीतरी बोल. रागाव. या ओठांनीच तुझं घर गेलं आणि तू त्यांनाच मलम लावतेयस, तेही इतक्या हलक्या हाताने. जरा जोरात तरी लाव.

कुणी आलं का? वाजलं दार. मालकीणबाईंचा आवाज आहे हा — आणि कुणाला तरी घेऊन आल्यात. खोली दाखवायला? आत्ता? तुला ठाऊक होतं त्या येणार ते? उघडू नकोस, थांब, एवढ्यात उघडू नकोस. सूज उतरली का जरा? नाही ना. हे काय, हा पडदा — माझ्यासाठी? दार वाजलं की सगळ्यांना असं आत घेतेस होय. आणि मलाही? अगं, आत्ताच सांगितलं ना तुला मी काय केलं ते, ऐकलंस ना नीट? बरं. बरं, जाते आत. एवढ्यापुरती. नवे लोक आहेत बरोबर, त्यांच्यादेखत काय तमाशा. आज समारंभ उरकू दे, मग उद्या सावकाश बाईंना एकटीला गाठते, चहाच्या वेळी. उद्या नक्की. ओढ तू पडदा. ओढ.

इथे स्टूल आहे. वर उशीही ठेवलीयस. आणि पाण्याचा तांब्या. बसणाऱ्याला किती वेळ लागेल सांगता येत नाही म्हणून?

नको. सोड तो पडदा. सोड म्हणते ना, आले मी बाहेर. उघड दार.

या बाई. हो, मीच. नाही, पडलेबिडले नाही. तुम्ही आत या, त्यांना जरा जिन्यावरच थांबू दे, खोली बघायची घाई नाही. ही खोली कुणाला द्यायची की नाही ते माझं ऐकून ठरवा. बसा, या खुर्चीत बसा, मी उभी बरी आहे. — आणि तू गं, तू जा खाली, शिवणवालीकडे जाऊन बस. तुझंच घर आहे, माहितीय मला. तरी जा. दार ओढून घे. तुझ्यासमोर नाही जमायचं मला.