दहा बाय अकराची खोली

हॅलो?… हॅलो, कोण?… अरे दादा, तू होय! थांब, थांब, मी जमिनीवर आहे… नाही रे, पडले नाही. रांगतेय… रांगतेय! लहान मूल रांगतं तशी… हसू नकोस, तुझ्याच त्या होम थिएटरपायी ही वेळ आलीय माझ्यावर.

अरे, तू दुकानातून पाठवलेला फिटिंगवाला आलाय ना, तो म्हणतो सबवूफर, म्हणजे तो घुमणारा डबा, कुठे ठेवायचा ते डोळ्यांनी नाही, कानांनी ठरवायचं. मग काय, बाबांना खुर्चीतून उठवलं, तिथे तो डबा बसवला, धडामधुडूम गाणं लावलं, आणि आता भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं. जिथे आवाज भरदार लागेल तिथे डबा… हो, तसंच करतात म्हणे… तो कसला रांगतोय, त्याचे गुडघे गेलेत! बाबा रांगणार का? मग राहिलं कोण?

बाबा?… मजेत. सोफ्यावर बसून माझी गंमत बघतायत. कानातलं मशीन काढून ठेवलंय, त्यात शिट्टी वाजते म्हणे या आवाजाने… थांब, विचारते. बाबा! दादाचा फोन!… दा-दा-चा! विचारतोय, आवडलं का?… मान हलवली. आज स्वारी तुझ्या बाजूने आहे.

खरं सांगू? मला आधी वाटलं होतं, ज्या माणसाला दाराची बेल ऐकू येत नाही त्याला पाच स्पीकर कशाला? पैसे जास्त झालेत दादाला. पण मघाशी त्या डब्यावर तळहात ठेवला ना त्यांनी… चेहराच बदलला रे. म्हणाले, 'अगं, हाताला ऐकू येतंय.' मला तर भरूनच आलं. म्हटलं, सुचलं बाई दादाला चांगलं काहीतरी.

पण ऐक ना, एक घोळ झालाय… चिडत नाहीये, ऐक तर. फिटिंगवाला म्हणतो, हा आठ इंची डबा या हॉलला पुरणार नाही… अरे, हात ठेवला तर धडधड लागते. आधी कोपऱ्यात ठेवून पाहिला, तर खुर्चीत बसल्यावर नुसतं पुटपुटतं काहीतरी. याला बारा इंची हवा म्हणतो तो. शिवाय मागच्या स्पीकरच्या वायरी आखूड पडल्यात. सोफ्यापर्यंत येतात आणि संपतात. विचारलं तर म्हणतो, 'ताई, साहेबांनी दुकानात खोली दहा बाय अकराची सांगितली, तशा कापून आणल्या.'

मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, तुमच्या दुकानदाराचे कान तपासा. माझा दादा लोकांची स्वयंपाकघरं बसवतो, ओटे, ट्रॉल्या, कपाटं. आयुष्य गेलं त्याचं मापाच्या टेपबरोबर. सूतभर चुकत नाही, तो स्वतःच्या घराचा हॉल दहा बाय अकरा सांगेल?

काय?… तूच सांगितलंस?… अरे पण… ज्या हॉलमध्ये आपण सायकल शिकलो, तो दहा बाय अकरा?… बरं, बरं. घाईत असशील. होतं माणसाचं. तुझं कधी होत नाही, ते जाऊ दे.

मग बदलून घेऊ का? बारा इंची त्याच्या गाडीतच आहे, दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आणलेला. देतो म्हणालाय… का नको?… अरे, पण का? बाबांना खुर्चीत बसल्या बसल्या लागायला हवं ना छातीत… शेजारी? कुठले शेजारी? एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला बंद पडलेलं गोदाम… पलीकडे लोक झोपलेले असतात? दादा, गोदामात कोण झोपतं?

आणि हो, भिंतीला एक भोक पाडायचं नाही, सगळं स्टँडवर उभं करायचं, हेही तूच बजावलंयस म्हणे. मला आपलं वाटलं, नवीन रंगाची काळजी… हो, हो, ऐकतेय. बोल तू… काय बसणार नाही?… बारा इंची तिथे बसणार नाही म्हणजे?… तिथे कुठे?… दादा. तिथे म्हणजे कुठे?

एक मिनिट. अहो फिटिंगवाले, ते गाणं बंद करा जरा… नाही, कमी नको, बंदच करा. आणि स्वयंपाकघरात चहा झाकून ठेवलाय तुमचा, तो घ्या… बसा तिथेच निवांत.

हं, बोल आता.

… हं.

… कसलं निवास? ज्येष्ठ निवास. वृद्धाश्रम म्हण ना सरळ… तसं नाही? मग कसं?… नर्स असते. बरं. बाग आहे. बरं. जेवणाला मीठ कमी घालतात. बरं… आणि खोली दहा बाय अकराची.

तू मोजलीस… हो, तू मोजणारच. खाट कुठे, कपाट कुठे, टीव्ही कुठे, सबवूफर कुठल्या कोपऱ्यात, सगळं मांडून झालं तुझं. मला सांगायचं तेवढं राहिलं.

कधी नेणार?… पुढच्या महिन्यात. म्हणजे हे इथे थोडे दिवस लावायचं, त्यांना सवय व्हायला, आणि मग त्यांच्यासकट उचलायचं… आणि मी गुडघे घासत जागा शोधतेय. या घरातली जागा! फोन उचलला तेव्हा मी रांगत होते आणि तू हसलास, दादा. सगळं माहीत असून हसलास.

… ओरडत नाहीये मी. आणि ओरडले तरी त्यांच्या कानात मशीन नाहीये.

वहिनीला माहीत आहे?… असणारच. तरीच परवा फोनवर एवढी गोड बोलत होती. 'वन्सं, तुम्ही फार केलंत हो बाबांसाठी.' केलंत! मी आपली खुळ्यासारखी 'छे छे, त्यात काय' म्हणत बसले. तिने मला निरोपाचं भाषण दिलं आणि माझ्या डोक्यातही आलं नाही.

काय म्हणालास?… माझ्यासाठी? माझ्या भल्यासाठी केलंस?… मी कधी म्हटलं तुला की दमले?… हो, म्हटलं एकदा. ताप होता मला तेव्हा. तापात माणूस काय वाटेल ते बोलतं, तेवढंच बरं धरून ठेवलंस!… आणि पुढचं काय बोलले होते तेही सांग ना. म्हटलं होतं, आठवड्यातला एक दिवस तू येऊन बस त्यांच्याजवळ. सुट्टी मागितली होती रे मी. मला कामावरून काढून टाक असं नव्हतं म्हटलं!

… काय?… घर? घर माझ्या नावावर?… वा! म्हणजे वाटणीसुद्धा झाली. घर मला, बाबा नर्सला… नको मला. एकटी काय करू एवढ्या हॉलचं?… नको म्हणतेय ना!

दवाखान्यातली नोकरी मी अर्ध्या दिवसाची करून घेतली, तुझ्याजवळ कधी बोलून दाखवलं?… मग? विचारायचं तरी होतंस. भांडले असते, रडले असते, चार दिवस जेवले नसते. पण विचारलं होतंस एवढं तरी राहिलं असतं ना माझ्याजवळ.

आणि त्यांना कोण सांगणार? ते मलाच करायला लावणार असशील… काय?… पुन्हा बोल. ऐकू आलं, पण पुन्हा बोल.

बाबा आले होते?… खोली बघायला?… कधी?… दादा, त्या रविवारी तू त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतंस.

नाही, थांब, तू थांब. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. डॉक्टर पोरगेलाच होता म्हणाले. अक्षरं वाचायला लावली, खालची ओळ वाचता आली नाही म्हणाले. जेवताना हातवारे करून करून सांगत होते. मी विचारलं, नंबर वाढला का, तर म्हणाले, आहे तोच आहे… तुम्ही दोघांनी गाडीत बसून पाठ केलंत का हे?… तू नाही? मग?… त्यांनीच?… सगळं त्यांनीच रचलं?

… आहे. आहे इथेच.

तुझं एक वेळ सोडून देईन रे मी. तू लांब असतोस, लांबून खोटं बोलायला सोपं जातं. पण ते… मी रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते, दादा. मान माझ्या हातावर टाकलेली असते त्यांनी. तोंडाशी तोंड असतं. एकदा तरी… एकदा तरी बोलायचं होतं.

… काय म्हणाले ते?… 'तिला कळलं तर ती जाऊ देणार नाही.'… बरोबर आहे. नसतंच दिलं.

नाही, ठेवू नकोस. मी विचारते त्यांना… हो, आत्ता. फिटिंगवाला असेना का. बाबा! बाबा, मशीन घाला कानात… घाला म्हणते ना… हं. बाबा, दादाने सांगितलं मला… सगळं… हो, डोळ्यांच्या डॉक्टरचंही… तुम्हाला जायचंय तिकडे?… बाबा, इकडे बघा. माझ्याकडे. तुम्हाला स्वतःला जायचंय?

… हॅलो… दादा, ते उठून त्या डब्यापाशी गेलेत. हात ठेवलाय वर. गाणं बंद आहे, तरी ठेवलाय.

… काय, बाबा?… हो, ऐकतेय… बोला तुम्ही… हं… हं…

… दादा.

ते म्हणतायत, खिडकी मोठी आहे तिथली. सकाळचं ऊन खाटेपर्यंत येतं… आणि एक खुर्ची जास्तीची मागून घेतलीय म्हणतायत. माझ्यासाठी… मी भेटायला येईन ना, तेव्हा बसायला.

भेटायला, दादा. मी.

… नाही, आता काही बोलू नकोस. ठेवते.