कुंपणावरून आलेली नळी

—नाही हो आत्याबाई, पूर्ण कुठं ऐकलं मी? मसाकाच्या केळीबाजारात दोघी बोलत होत्या, "ती नामुलोंदो, डेन्मार्कला शिकायला गेलेली, तिथं म्हणे एका बाप्याच्या घरात—" आणि नेमका तेवढ्यात टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला. पुढचं गेलं. मी मुद्दाम टोमॅटो निवडत थांबले, पण त्या बाया कांद्याच्या भावावर घसरल्या. बसा ना. तुमच्या भाच्यासाठी, लुबोवासाठी मुलगी बघायची तर आधी शेजारी चौकशी करावी, हे तुम्ही बरोबर केलंत. कुंपणापलीकडचंच घर तिचं. मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. दिसतं तेवढं सांगते — आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडंच उघडते, त्याला मी काय करू?

चहा घ्या. मुलगी चांगली आहे — चांगली म्हणजे, गेली तेव्हा चांगली होती. कोंबडी अंगावर आली तरी रडायची. पाहुण्यांसमोर गुडघे टेकून नमस्कार करायची, तो फक्त जमिनीला ऐकू जायचा. आता? आताही टेकते की गुडघे! तेवढं काही डेन्मार्कात विसरली नाही. पण गुडघ्यांवर बसल्या बसल्याच विचारते, "काका, ही प्लॅस्टिकची पिशवी आता कुठं टाकणार?" आमच्या गावप्रमुखांना विचारलं हो, चारचौघांत. ते पिशवी खिशात घालून घरी गेले. तुमच्याकडं माटोकेची हिरवी केळी कशात गुंडाळून उकडता, केळीच्या पानांत की पिशवीत? पिशवीत? मग बघा बाई. मी काही म्हणत नाही.

शिकून काय आली? शेण. हसू नका, खरंच सांगते. शाश्वत राहणी की काय असं नाव आहे त्या शिक्षणाचं, तिच्या आईनं तीनदा सांगितलं, मला एवढंच राहिलं. आल्या आल्या अंगणात खड्डा खणला. आम्हाला वाटलं, विहीर. निघाली गोबरगॅसची टाकी! रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून शेण कालवते — हे सुनेचे हात म्हणून दाखवाल का कुणाला? आणि शेण कुणाचं, ते विचारा. माझ्या दोन गायींचं. ही नळी दिसते ना, कुंपणावरून आलेली? तुमचा चहा तिच्यातून येणाऱ्या गॅसवर झालाय. लाकूड नाही, कोळसा नाही. भिंतीवरून हात फिरवून बघा, काजळी लागते का? फिरवा, फिरवा. पूर्वी संध्याकाळपर्यंत माझे डोळे असे लाल व्हायचे की लोक विचारायचे, कोण गेलं? आता वर्ष झालं, डोळ्यांतून टिपूस नाही.

—त्याचा लग्नाशी काय संबंध? काहीच नाही. मी आपलं म्हणते, शिकून आलेल्या मुलीनं आणखी चार वर्षं आईजवळ राहिलं तर काय बिघडतं? तिची आई तर टाकीकडं फिरकत नाही, वास येतो म्हणते. मग कालवणार कोण? — नाही, मला येतं. म्हणजे शिकवलंय तिनं. परवाच माझी बाही तिनं स्वतः वर केली आणि म्हणाली, "किग्गुंदूकाकू, नीट बघून घ्या, पुढं मी नसणार आहे." नसणार आहे म्हणे! तुमच्याकडचं अजून कुणी दारात आलं नव्हतं, आणि ही लुबोवाचं नाव घेऊन हसत होती. शेणानं भरलेल्या हातांनी, नाक पुसता येत नव्हतं तरी हसत होती. मी म्हटलं, मला नाही जमायचं. — जमलं होतं.

असं काय बघताय? तो बाप्या ना... होता. तेवढं खरं आहे. मला ठाऊक आहे, मी कुंपणावरूनच तिला सरळ विचारलं होतं, मागंच. घर त्याचं, आणि राहायची ही. ऐंशी ओलांडलेला शेतकरी हो, बायको वारलेली, गुडघे गेलेले. भाड्याऐवजी ही त्याच्या गोठ्यात राबायची. टाकीचं काम तिथंच शिकली. सुरुवातीला रोज रडायची, कारण ही प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची आणि म्हातारा म्हणायचा, "हो नको, तुला काय वाटतं ते सांग, मग जेवायला बसू." बटाटे निवून जायचे, दोघंही तसेच बसून. शेवटी भुकेनं बोलायला लागली. एवढीच गोष्ट. बाजारातल्या बायांनी पुढं काय लावलं असेल ते त्यांचं त्यांना. — आधीच का नाही सांगितलं? तुमचा चहा निवत होता ना.

उठा आता. टाकीला वळसा घालून जा, म्हणजे थेट त्यांच्या दारात. तुम्ही येणार म्हणून सकाळपासून केळीची पानं शेकून ठेवलीत पोरीनं. आणि तिनं माझं विचारलंच, तर म्हणावं शेणाची काळजी करू नकोस, मी— नको. काही सांगू नका.

डोळ्यांना काय झालं? काही नाही, धूर गेला असेल.

—शेगडीकडं काय बघताय? जा ना, आत्याबाई.