बाबांच्या खोलीतली जाड पट्टी

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय. थांब, बाल्कनीत येते. आत ड्रिल चालू आहे, काही ऐकू येत नाही.

हं, बोल… हो, हो, इथेच आहेत भावोजी. काळजी करू नकोस… फोन घरीच विसरले? विसरतात कसले. तू सारखी विचारशील म्हणून ठेवून आले असतील.

नाही गं, गेले कुठे. खुर्ची दारात ठेवतो आणि लगेच निघतो, असं म्हणाले होते. सकाळपासून ते "लगेच" चाललंय… अगं, ऐक ना. सांगते सगळं. तू आधी पाय वर घे. गुडघ्याखाली उशी आहे?… घे मग.

तुझ्या ऑपरेशनमुळे बाबांना इकडे आणायचं ठरलं ना, तेव्हापासून यांच्या अंगातच आलंय. बाबांची खोली, बाबांची खोली. फरशी गार लागेल म्हणून लाकडी फ्लोअरिंग करून घेतलं. ते करणाऱ्याने भिंतीला लागून बोटभर फट सोडली… सोडावीच लागते, लाकूड फुगतं म्हणे. ती फट झाकायला भिंतीच्या पायाशी लाकडी पट्टी लावतात ना… हो, तेच, स्कर्टिंग. तो म्हणाला, मी लावून देतो. तर हे म्हणाले, नको, हे काम मी स्वतः करणार.

स्वतः! ज्या माणसाने लग्नापासून भिंतीला फक्त एक कॅलेंडर लावलं, तेही वाकडं.

मग सुरू झाली हत्यारांची खरेदी. रोज ऑफिसमधून येताना हातात एक पिशवी. बारीक दातांची करवत आली, मोठ्या दातांची आली, विजेवरची आली. ती चालू केली की शेजारचा कुत्रा गळा काढतो, म्हणून ती पलंगाखाली गेली. मग लेसरची लेव्हल. ती भिंतीवर लाल रेघ मारते, आणि हे खुर्ची टाकून त्या रेघेकडे बघत बसायचे… काम? काम नाही गं, नुसतं बघायचं. आणि व्हिडिओ. एक म्हणतो खिळे ठोका. दुसरा म्हणतो खिळे ठोकणारे अडाणी, गोंद लावा. तिसरा म्हणतो गोंद कसला, स्क्रू मारा. यांचं तिघांशीही पटायचं.

पट्टी आणली ती दुकानातली सगळ्यात जाड, वरून नक्षीची. बाबांच्या खोलीत कशाला काही कमी नको… हं. तुला कळलंच. बाबा तुमच्याकडे बाथरूममध्ये पडले, तेव्हा हे फोनवर बोलून गेले ना, तुमचं लक्ष कुठे होतं म्हणून. तेव्हापासून दोघा भावांचा अबोला. आणि आता तेच बाबा यांच्या भरवशावर येणार. धास्ती घेतलीय त्यांनी… मला कुठे काय सांगतात? पट्ट्या आणतात नुसत्या.

बरं, कोपऱ्याचं ऐक. कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरक्या कापून एकमेकींना भिडवायच्या असतात. यांनी साच्यात धरून कापल्या, अगदी पुस्तकात असतात तशा. भिडवल्या तर मधे माझं बोट जाईल एवढी फट. पुन्हा कापल्या, तर पट्टी आखूड. मग पुट्टी भरली. सुकली, घासली, परत भरली. कोपरा असा दिसायला लागला, दाढ काढल्यावर गाल सुजतो ना, तसा.

आणि नेमके आज भावोजी बाबांची खुर्ची घेऊन दारात. ती तर उद्या टेम्पोतून यायची होती ना?… हसू नकोस, टाके ओढतील. मला तेव्हाच वाटलं, हे तुझं काम.

दारातून ती खोली सरळ दिसते. भावोजींची नजर कोपऱ्यावर गेली ती हटेचना. खुर्ची ठेवली, वाकले, मग गुडघ्यावर बसले. आणि बोलले कोणाशी? माझ्याशी. म्हणाले, वहिनी, ही भिंत काटकोनात नाही, साच्याने कापून जमायचं नाही. हे हातभर अंतरावर करवत धरून उभे. मला म्हणतात, त्याला विचार, मग कसं जमायचं… अगं, विचारलं मी. करते काय? दोघांच्या मधे टपाल पोचवत उभी.

तर म्हणे, एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्यायची आणि दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीबरहुकूम कोरून तिच्यावर बसवायचं. मग भिंत कितीही वाकडी असो, फट दिसत नाही. भावोजींनी ऐटीत माप घेतलं, खूण केली, कापलं. आणि आखूड… हो, त्यांचीही! यांनी पुट्टीचा डबा तेवढा पायाने हळूच त्यांच्याकडे सरकवला… छे, हसतंय कोण? मीच तोंड फिरवलं.

मग चहा टाकते म्हणून आत आले आणि आतच राहिले. मी नसले तर बोलतील कोणामार्फत?… बराच वेळ गं. चहाचा काढा झाला. खोलीतून कानस घासल्याचा आवाज, बाकी काही नाही. म्हटलं, फसलं. आणि मग भावोजींचा आवाज आला.

"दादा, ही पट्टी इथे नको."

हो… हो गं, "दादा"च म्हणाले. मी गॅस बंद केला… आता तू डोळे पुस आणि पुढचं ऐक.

यांनी आवाज चढवून विचारलं, का, काय वाईट आहे तिच्यात? तर भावोजी म्हणाले, जाड आहे. बाबा भिंत धरून पाय घासत चालतात, चपलेचं टोक अडकेल. आणि मग म्हणाले, "त्या दिवशीही बाथरूमच्या दारातल्या पट्टीलाच पाय अडकला होता. मी मागेच होतो, टॉवेल घेऊन. हात पोचला नाही माझा."

…तुला ठाऊक होतं? आम्हाला नव्हतं गं. यांनी कधी विचारलंच नाही.

करवत खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "किती जाड चालेल?"

…नाही, एवढंच. चुकलो वगैरे काही नाही. किती जाड चालेल.

मी दारातून डोकावले. भावोजी बाबांसारखे चालून दाखवत होते. डावा हात भिंतीला, पाय घासत, पलंगापासून दारापर्यंत. हे त्यांच्या मागे, वाकून टेप धरून. मग हे स्वतः तसे चालले. तर भावोजी म्हणतात, नाही दादा, बाबा आता एवढा पाय उचलत नाहीत. हे थांबले. म्हणाले, एवढाही नाही? आणि पुन्हा पलंगापासून सुरुवात केली.

मग एकाच स्कूटरवर दुकानात गेले. पातळ पट्टी आणली, साधी, कड गोल केलेली… जाड पट्ट्या? त्या आता हॉलमध्ये लावणार म्हणे. माझ्या नशिबात ते अजून आहेच.

थांब, ड्रिल बंद झालं… अगंबाई. भांडतायत… गोंदावरून. भावोजी म्हणतायत या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो, इथे स्क्रू नको, गोंद लाव. हे म्हणतायत, माझ्या घरातला पाइप मला शिकवू नकोस… मी नाही मधे पडत. चालू दे.

काय?… बाबा जागे झाले? काय विचारतायत?… दे त्यांना, दे.

बाबा? हो, मीच… हो, आलाय तो. सकाळीच आला… दोघेही तुमच्याच खोलीत आहेत… नाही हो, गप्प कुठले, भांडतायत… हो बाबा. एकमेकांशीच.

…काय म्हणालात?… बरं. थांबा हं, फोन आत नेते. दाराशी खुर्चीवर ठेवते, त्यांना न सांगता. तुम्ही ऐका निवांत. तुमचं झालं की तुम्हीच बंद करा.